शेऱ्याचा रकाना

१

बातमी आली तेव्हा ताई प्लास्टर कालवत होती. कवळ्यांच्या कारखान्यात सकाळचं पहिलं काम तेच. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, साच्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात बसवायचा. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. हात आपोआप चालत आणि तोंड पॉलिशवाल्याशी भांडायला मोकळं राही.

"बाई, कालच्या आजोबांना हसू जरा जास्तच दिलंत," पॉलिशवाला चाकावरून मान न उचलता म्हणाला. "घरी गेले तर बायको दार उघडायची नाही."

"जन्मभर ओठ मिटून बसलेत बिचारे. आता तरी दिसू देत दात."

"तुमचं काय जातंय? निस्तरायचं त्यांना."

तेवढ्यात फोन वाजला. भावजयीचा होता. चार वर्षांत पहिल्यांदा.

"ताई, हे गेले," ती म्हणाली. "सकाळी पाणी मोजायच्या पट्टीवरचा गाळ धुवायला नदीच्या पायऱ्या उतरले होते. पंपावरच्या माणसाला आवाज आला. पुढच्या वळणावर सापडले. वहीची पिशवी काही सापडली नाही."

"बरं," ताई म्हणाली.

असं का म्हणाली, ते तिला पुढं कितीही आठवून कळलं नाही. ती वाडगा धरून उभी राहिली. प्लास्टर हातातल्या हातात गरम झालं, घट्ट झालं, चमचा त्यात रुतून उभा राहिला. शेवटी पॉलिशवाल्यानं चाक बंद केलं आणि तिच्या बोटांतून वाडगा हळूच सोडवून घेतला.

गेला तो तिचा धाकटा भाऊ. दोन तासांवरच्या गावात, नदीकाठच्या एका खोलीत बसून तो पाण्याची पातळी मोजायचा. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. बावीस वर्षं. घरात त्याला थांबराव म्हणत, कारण काहीही विचारलं की आधी तो "थांब" म्हणायचा. भूक लागली का? थांब. गणिताचं उत्तर काय? थांब. आई म्हणायची, याला न्यायला यम आला तरी हा त्यालाही थांब म्हणेल.

त्या सकाळी म्हणाला की नाही, कोण जाणे.

२

चार वर्षांपूर्वी आई आजारी होती ती थांबरावाच्याच घरी. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "आई झोपलीय शांत. तू आता धावपळ करू नकोस. उद्या सकाळी ये." ताई सकाळच्या गाडीनं गेली. आई पहाटेच गेली होती.

"तुला कळलं नव्हतं?" ताईनं दारातच विचारलं.

"थांब," तो म्हणाला. आणि नंतर काहीच म्हणाला नाही. ताई थांबली. दहा मिनिटं थांबली, दहा दिवस थांबली, मग तिनं थांबणं सोडलं. बोलणं तिथं तुटलं ते तुटलंच.

आता त्याच घरात ती भावजयीच्या मदतीला राहिली होती. दहाव्या दिवशी थांबरावाच्या खात्याचा अभियंता आला. तिशीचा, नीटनेटका, चपला दाराबाहेर अगदी सरळ काढून ठेवणारा. त्यानं छापील पानांचं एक जाडजूड बाड टेबलावर ठेवलं.

"मॅडम, सरांचे शेरे आहेत हे. नोंदवहीत पातळीच्या पुढं एक रकाना असतो ना, शेऱ्याचा? बाकी सगळे तिथं 'काही नाही' लिहून मोकळे होतात. सर लिहायचे. आम्ही ऑफिसात मोठ्यानं वाचायचो. म्हटलं, घरच्यांकडं असावेत."

भावजयीनं डोळ्यांना पदर लावला आणि बाड ताईकडं सरकवलं. "तुम्हीच वाचा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ताईनं मधलंच एक पान काढलं.

'पाणी दोन बोटं उतरलं. बगळा पट्टीवर बसला होता. त्याला न उठवता थांबलो. नोंद दहा मिनिटं उशिरा.'

'लाटा फार. आकडा नक्की नाही. अंदाज लिहीत नाही.'

'ताईनं पाठवलेला स्वेटर घातला. बाह्या लांब. पातळी कालचीच.'

तिला त्याचा आवाज ऐकू येतोय असं वाटलं. तिनं बाड मिटलं आणि पाणी प्यायला उठली.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय आत आडवी झाली होती. ताई बाहेरच्या खोलीत बाड घेऊन बसली. खिडकीच्या पडद्याची कडी वाऱ्यानं गजाला लागत होती. टक्, थोडा वेळ काही नाही, पुन्हा टक्. तिनं ठरवून आई गेली त्या दिवसाचं पान काढलं. तिथं काय असेल याची तिला खात्री होती. काही नसेल. थांबराव त्या दिवशी घरातून हललाच नव्हता, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो आईच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता, एक चप्पल पायात आणि एक बाहेर.

पानावर तिन्ही नोंदी होत्या.

'सकाळी आठ. आकाश स्वच्छ. पाणी संथ. दोन बगळे.'

'दुपारी बारा. ऊन चांगलं. पट्टी स्पष्ट दिसली.'

'संध्याकाळी पाच. मुलं पलीकडच्या काठावर खेळत होती. ऐकायला बरं वाटलं.'

ताईनं तारीख तीनदा पाहिली. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, जणू चार वर्षांपूर्वीचं त्यावर सापडणार होतं. शेरे त्याचेच होते. तसेच आखूड, शेवटी कुठंतरी एक मऊ शब्द ठेवणारे. ओळ त्याची होती आणि दिवस त्याचा नव्हता.

कडी वाजायची थांबली होती. वारा तर होता.

४

"ते होय," अभियंता फोनवर म्हणाला. त्याला हायसं वाटलेलं ऐकू आलं. "त्या दिवशीचं पान कोरं होतं, मॅडम. जुन्या वह्या यंत्रात घातल्या ना आपण, त्या ज्या प्रणालीनं वाचल्या ती रिकामे रकाने भरते. मागचं-पुढचं पाहून."

"शेरासुद्धा?"

"रकाना रिकामा असला तर भरायचा, एवढंच तिला सांगितलंय. सरांचे वीस हजार शेरे वाचलेत तिनं. पुढचा कसा असेल ते तिला कळतं."

"त्या दिवशी आमची आई गेली होती."

 "सॉरी मॅडम. ते तिला कसं कळणार? पातळी मात्र बरोबर असेल हो. बोटभर चुकत नाही."

"आणि शेरा चुकला तर?"

"शेरा कोण तपासतंय?"

"वह्या कुठं आहेत?"

"जुन्या लगद्याला गेल्या. शेवटची सरांच्या पिशवीत होती."

पिशवी नदीनं नेली होती. अभियंत्यानं मग बरंच समजावलं. गेली तीन वर्षं थांबराव रोज पानाचा फोटो पाठवायचा. कधी रेंज नसायची, कधी विसरायचा, ते दिवस प्रणालीनं भरलेले. सुरुवातीला भरलेल्या नोंदीपुढं चांदणी उमटायची. अहवालात बरं दिसत नाही म्हणून वरून काढायला सांगितली. आता पट्टीवरच यंत्र बसवलंय, पातळी आपोआप येते. नवा माणूस अजून नेमलेला नाही, शेऱ्याचा रकाना बंद करायचाही राहून गेलाय.

"म्हणजे तो अजून लिहितोय?" ताईनं विचारलं.

"कोण, मॅडम?"

ताईनं फोन ठेवला.

तिला राग आला होता, पण नवल वाटलं नव्हतं. तिचा धंदाच तो. एक दात पडलेला असतो, शेजारचे दोन पाहायचे, त्यांचा रंग, झिजेची बाजू, आणि मधला असा घडवायचा की पंधरा दिवसांत खुद्द मालकाची जीभ फसते. यात फसवणूक आहे असं तिला कधी वाटलं नाही. खोट्या दातानं घास चावता येतो. फक्त तो कधी ठणकत नाही.

५

गेल्या वर्षीचा एक मंगळवार होता. तो ताईशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

एका डॉक्टरकडं कवळी पोचवायला ती या गावात आली होती. काम लवकर संपलं. परतीची गाडी सहाला. पाय कसे वळले ते पायांनाच माहीत. ती नदीकडं गेली, पाच पायऱ्या चढून त्या खोलीच्या दारात उभी राहिली. दार उघडं होतं. थांबराव खिडकीशी टेबलावर वाकून लिहीत होता, पाठ दाराकडं. मानेवरचे केस पांढरे झाले होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगायला कुणी नव्हतंच. तिनं चौकटीवर हात ठेवला. मनाशी ठरवलं, हा वळला तर आत जायचं. त्यानं आधी वळायचं.

पेन्सिल कागदावर चालत राहिली. तो वळला नाही. ती परत गेली.

बाडात ते पान काढायला तिला दोन दिवस लागले. तारीख शोधायला नाही, धीर व्हायला.

'संध्याकाळी पाच. पाणी स्थिर. ताई आली होती. दारात उभी राहिली. बोलली नाही.'

ताई ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. त्याला कळलं होतं. तो लिहीत होता ते हेच. पण दुसऱ्याच क्षणी तिला चांदणी आठवली.

हे त्यानं पाठवलेलं पान होतं, की भरलेलं? ताई त्याच्या शेऱ्यांत होतीच. स्वेटर, फोन, आजारपण, सगळं होतं. आणि चार वर्षं ताईचं नाव नव्हतं. एवढी मोठी फट समोर दिसली की भरणाऱ्यानं काय भरावं? ताई आली होती, बोलली नाही. कुणालाही सुचेल. तिनं स्वतः तरी दुसरं काय घडवलं असतं?

तिनं पुन्हा फोन लावला. "कुठला शेरा त्यानं लिहिला आणि कुठला नाही, हे कळेल का?"

"मुख्य कार्यालयात कळेल," अभियंता म्हणाला. "कुठल्या दिवशी फोटो पोचला त्याची यादी निघते. वेळ लागेल थोडा. मागवू का?"

"मागवा."

स्वयंपाकघरातून भावजयीनं विचारलं, "कसली यादी, ताई?"

"काही नाही गं. कामाची."

६

त्यानंतर ती पानं उलटत राहिली ती थांबेचना.

त्या मंगळवारानंतर सात आठवड्यांनी: 'ताई आली होती. दारात उभी राहिली. बोलली नाही.' त्या दिवशी ती कारखान्यात होती. पॉलिशवाल्याचा अंगठा चाकात सापडला होता आणि तिनंच त्याला दवाखान्यात नेलं होतं. विसरण्यासारखा दिवसच नव्हता. पुढं आणखी एकदा. मग आणखी दोनदा. शब्द तेच, क्रम तोच.

म्हणजे भरलेलं. तिला हलकं वाटायला हवं होतं.

पण एक विचार आला आणि मग तो जाईना. थांबरावानंच लिहिलं असेल तर? ती न येता त्याला दारात दिसत असेल तर? एकदा खरंच आलेली बहीण पाठीमागून निघून गेल्यावर, पुढं प्रत्येक खुट्ट आवाजाला त्यानं ताई म्हटलं असेल तर?

शेवटचं पान बाड छापल्याच्या आदल्या दिवसाचं होतं. थांबरावाला जाऊन नऊ दिवस झाले होते. ताई त्या संध्याकाळी याच घरात भावजयीबरोबर त्याचं कपाट आवरत होती.

'संध्याकाळी पाच. पाणी चढतंय. ताई आली. आत बसली. आईचं विचारलं. सांगितलं.'

तिनं पान उलटलं. मागं कोरं होतं. काय सांगितलं ते नव्हतं.

७

"मी जरा नदीवर जाऊन येते," दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली.

"मी येऊ?"

"नको. लगेच येते."

"शाल घ्या हो. तिथं गारवा असतो. हे नेहमी म्हणायचे." भावजयीनं खोलीची किल्ली दिली.

पावणेपाच झाले होते. पंपावरचा माणूस पलीकडच्या काठावर पाइप ओढत होता. त्यानं लांबूनच हात केला. ताई पाच पायऱ्या चढली. तिचा डावा गुडघा धरतो, त्यामुळं दर पायरीला तो पाय किंचित घासतो. दार ढकलल्यावर खाली फरशीवर खरखरलं. तिनं ते मागं उघडंच ठेवलं.

खोली अरुंद होती. खुंटीवर स्वेटर होता, बाह्या दुमडून शिवलेल्या. टेबलावर पेन्सिलीचे तुकडे, उंचीनं लावून ठेवलेले. त्यांच्याशेजारी यंत्राचा नवा पडदा, काळा, कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. खात्यानं बसवलेला. ती थांबरावाच्या खुर्चीत बसली. खुर्चीत बसलं की पाठ दाराकडंच होते, दुसरी सोयच नव्हती. हे तिला आज कळलं.

ती नीट विचार करून आली होती. खोलीत कॅमेरा नाही, हे तिनं अभियंत्याला विचारून घेतलं होतं. म्हणजे ती इथं आहे हे प्रणालीला कळायचं कारण नाही. पाच वाजता काहीतरी बगळ्याबिगळ्याचं उमटेल, ती वाचेल, मनाची खात्री होईल, घरी जाईल. शाळेतल्या प्रयोगासारखं सोपं होतं.

खाली पाणी पायऱ्यांना लागत होतं. पडद्याची बारीक घरघर चालू होती.

पाच वाजले. आकडा उमटला. मग थोडा वेळ काहीच नाही. थांबराव थांबायचा तेवढाच वेळ, असं तिला वाटलं आणि तिनं स्वतःला दटावलं. मग अक्षरं आली.

'पाणी स्थिर. ताई आली होती. दारात उभी राहिली. बोलली नाही.'

चुकलं, ताई मनात म्हणाली. मी आत बसलेय. साफ चुकलं.

तेव्हा तिला वास आला. ओल्या प्लास्टरचा आणि कवळीच्या हिरड्या घडवायच्या गुलाबी लुकणाचा. एकतीस वर्षं तिच्या लुगड्यांना, उशीला येणारा तो वास. आज दोन आठवडे तिनं प्लास्टरला हात लावला नव्हता. वास मागून येत होता.

पडद्याच्या काळ्या काचेत अक्षरांच्या मागं दार दिसत होतं, उजेडाचा उभा चौकोन. चौकोनाच्या एका कडेवर चौकटीला धरलेली चार बोटं होती.

पंपावरचा माणूस असेल. पण तो पलीकडं होता. काचेवर डाग असेल. डाग असा हलत नाही. ताईला मागं कोण आहे हे माहीत होतं, जसं अंधारात आपला हात कुठं आहे हे माहीत असतं. यंत्रानं सांगायची गरज नव्हती. पाठीला कळत होतं. आणि म्हणजे त्यालाही कळलं असणार, त्या मंगळवारी, याच खुर्चीत.

मग तो वळला का नाही?

तिनं वळायचं ठरवलं. मान हलेना. राग नव्हता, हट्टही नव्हता. फक्त एक भीती, लहान पोराची असावी तशी. वळलं आणि दार रिकामं असलं तर? जोवर वळत नाही तोवर ती आहे. थांब, तिनं मनात म्हटलं. थांब जरा. मी वळतेच आहे.

काचेतली बोटं सुटली. पायऱ्यांवर पावलं उतरत गेली. एक पाऊल नीट, एक घासत. पाच वेळा.

ताई खुर्चीतच बसून राहिली. खूप वेळानं तिनं खुंटीवरचा स्वेटर काढला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. शेवटी भावजयीचाच फोन आला. "ताई, कुठवर आलात?"

८

नवा माणूस नेमला गेला. शेऱ्याचा रकाना बंद झाला, असं अभियंत्यानं कळवलं. ताई कारखान्यात परत गेली. पॉलिशवाल्यानं दोन दिवस चेष्टा केली नाही, तिसऱ्या दिवशी केली, तेव्हा तिला बरं वाटलं. आता भावजय दर रविवारी फोन करते. दोघी स्वयंपाकाचं, गुडघ्यांचं बोलतात.

महिन्याभरानं अभियंत्याचा फोन आला. "मॅडम, ती यादी आली. एकच पान आहे. नंबरवर पाठवू?"

"नको," ताई म्हणाली. "कागदच असू दे. मी येऊन नेते."

"केव्हाही या. पाकिटावर तुमचं नाव घातलंय. खिडकीवर नुसतं मागा."

त्या पानावर त्या मंगळवारची तारीख असेल किंवा नसेल. नसेल तर थांबरावाला ती आल्याचं कधी कळलंच नाही. असेल तर कळलं होतं, आणि तो खुर्चीत बसून राहिला. यातलं कुठलं ऐकायला जड, ते तिला ठरवता येत नाही.

ऑफिस बसथांब्यासमोरच आहे. भावजयीकडं जाता-येता तीन वेळा ती त्याच्यावरून गेली. पाकीट तिनं अजून आणलेलं नाही.